कौसाआत्याचं पायाब

माझी कौसाआत्या ज्याच्यावर खूश होते त्याला तोंडावर उथळ म्हणते. आणि तो माणूस हसत हसत घरी जातो.

हे कसं जमतं ते सांगते. तिचा शब्द 'उथळ' नाही, 'पायाब' आहे. आम्ही दोघी छावणीजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, तेव्हा घरमालकांच्या मुलाला नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला. आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "लई पायाब पोरगं हाय हो तुमचं!" मालकांना वाटलं, नायाब म्हणाली. नायाब हा शब्द आमच्या संभाजीनगरात रिक्षावाल्यालाही कळतो. चांगल्या अत्तराला म्हणतात, जमलेल्या खिचड्याला म्हणतात. मालक गल्लीभर सांगत सुटले की म्हातारी गावाकडची असली तरी तिला माणसाची पारख आहे. मग दूधवाल्याला हे सर्टिफिकेट मिळालं. गॅसची टाकी आणणाऱ्याला मिळालं. आत्याची दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना मिळालं, तेही दाढ काढून झाल्यावर, तोंडात कापूस असताना.

भांडं फोडलं ते शेजारच्या हमीदाआपांनी. आपा उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. चुकीचा शब्द कानावर पडला की त्यांना खडा लागल्यासारखं होतं.

"मौशी, नायाब बोलो. ना-याब. जो मिलता नहीं, वो. पायाब नक्को बोलो."

"कामून? मी पायाबच म्हनले."

"पायाब मतलब उथळ! जिथं पाणी कमी, चलके पार जा सकते, वो जगह."

"व्हय. त्येच की."

"या अल्ला! म्हणजे मालकांच्या मुलाला तुम्ही उथळ म्हणालात?"

"मंग? खोल म्हनू व्हय त्येला? त्या लेकरानं माझं काय घोडं मारलंय?"

आपांनी माझ्याकडं बघितलं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तेही मराठी घेऊन. शब्दांचा न्याय मी करावा अशी त्यांची अपेक्षा असणार. मी स्वयंपाकघरात गेले.

या एका शब्दावरून माझं ठरत आलेलं लग्न पणाला लागलं, आणि लग्नाबरोबर माझी नोकरी आणि माझं एम.ए. ते सगळं सांगायचंच आहे. पण आधी नदी सांगायला पाहिजे, नाहीतर आत्या तुम्हाला नुसती येडी वाटेल. पुष्कळांना वाटली.

आमची वस्ती अंजना नदीच्या एका अंगाला, पिशोर दुसऱ्या अंगाला. शाळा, दवाखाना, बाजार, पिठाची गिरणी, सगळं पिशोरात. आमच्या अंगाला माळरान आणि आम्ही. पूल नव्हता. पावसाळ्यात घरात ज्वारी असायची आणि पीठ नसायचं, कारण गिरणी पलीकडं. मग आई ज्वारी उकडून द्यायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ती चावता चावता म्हणायचे, "खा, दात मजबूत व्हत्यात." कुणाला ताप आला तर नदीला उतार पडेपर्यंत तापानं थांबावं अशी आमची इच्छा असायची. काही वेळा तो थांबायचा नाही.

पायाब हा शब्द निजामाच्या अमलात आमच्याकडं आला असं घरात सांगतात. सरकारी माणूस पलीकडच्या काठावर घोडं थांबवून हाळी द्यायचा, नदी पायाब आहे का? आणि आमच्या पणज्यानं पाण्यात उतरून उत्तर द्यायचं. निजाम गेला, घोडं गेलं, शब्द आमच्या वस्तीवर राहिला. आणि पाण्यात उतरायचं काम फिरत फिरत कौसाआत्याकडं आलं. ती अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली होती आणि परत आली होती. का आली ते आम्हा पोरांना कुणी सांगत नव्हतं. 'नांदली नाय' एवढंच. नांदली नाय म्हणजे आळशी असणार असं मला लहानपणी वाटायचं, पण तिच्याएवढं काम वस्तीवर कुणी करत नव्हतं, त्यामुळे गोंधळ व्हायचा.

सकाळी सगळी वस्ती काठावर उभी असायची. डेअरीला दूध घालणारे, बाजाराला निघालेल्या बाया, डोक्यावर दप्तर धरलेली आम्ही पोरं. आत्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारायची, वेळूची काठी घ्यायची आणि एकटी पाण्यात शिरायची. पाणी चहासारखं. तळ दिसण्याचा प्रश्नच नाही. पण ती पाण्याकडं बघायचीच नाही. मान वर, नजर पलीकडच्या चिंचेवर. पाऊल उचलायची नाही, सरकवायची. आधी अंगठा, मग चवडा, आणि खात्री झाली की टाच. काठावर कुणी बोलायचं नाही. कालच्या पुरानं वाळू कुठून नेली, कुठं आणून टाकली, डोह कुठं पाडला, हे सगळं तिच्या अंगठ्याला कळायचं. मधेच थांबायची. मागं यायची. तिरकी जायची. पाणी छातीला लागलेलं आणि चेहऱ्यावर भीतीचं नाव नाही. देवळात आरती ऐकताना माणसं जशी उभी असतात तशी ती नदीत उभी असायची. मी पुढं शिकले, पुस्तकं वाचली, पण इतकं ध्यान देऊन कुणाचं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. इथं तर ती नदीचं ऐकत होती.

मग मधोमध वळायची आणि ओरडायची, "पायाब हाय गंऽऽ!"

त्या एका हाकेनं नदीचा रस्ता व्हायचा. आम्ही तिच्या पावलावर पाऊल टाकत उतरायचो. आणि ज्या दिवशी ती "गर्क हाय, फिरा माघारी" म्हणायची, म्हणजे पाणी बुडवणारं आहे, त्या दिवशी कितीही मोठा माणूस असो, माघारी फिरायचा. मी दहावी झाले ते त्या हाकेवर. पूल नंतर झाला, मी कॉलेजला शहरात आल्यावर.

शहरात मुलगी एकटी कशी ठेवायची, म्हणून अण्णांनी आत्याला माझ्यासोबत पाठवलं. मी शिकत राहिले, मग एका खासगी शाळेत शिकवू लागले, तिथूनच एम.ए.ला नाव घातलं. आत्या रोज डबा करून द्यायची आणि दिवसभर शहराचा तळ शोधायची.

ज्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा उजाडतो, त्या शहरात पाण्यातल्या वाटा जाणणाऱ्या बाईनं काय करावं? पण तिनं काम शोधलंच. बाजाराकडं जाणारा आमचा रस्ता एका ठिकाणी खोलगट आहे. मोठा पाऊस झाला की तिथं तळं होतं आणि मोटारसायकली बुडतात. आत्या काष्टा मारून त्या तळ्यात उभी राहायची आणि गाड्या काढून द्यायची. "डाव्या अंगानं ये, लेकरा! तिकडं नगं, तिकडं गटारीचं तोंड हाय! ये, पायाब हाय, ये!" एकदा पोलीस आला. म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, लागंल काहीतरी." आत्या म्हणाली, "तू हो बाजूला, तू गटारीच्या तोंडावरच हुबा हायेस." तो बघायला म्हणून मागं सरकला आणि त्याचा बूट आतच राहिला.

आपांबरोबर तिची रोजची चर्चा. आपा तिला शिकवायच्या, "पा मतलब पाय. आब मतलब पाणी. पायापुरतं पाणी, म्हणून पायाब." आत्याला हे अजिबात पटलं नाही.

"आब म्हंजी पानी कसं? आब म्हंजी इज्जत. आब राखून ऱ्हावं म्हंत्यात का नाय? पाय ठिवायला जागा असावी आन् इज्जतबी शाबूत ऱ्हावी, त्येला म्हनायचं पायाब."

आपांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाल्या, "आबरूमें भी आब हैच बोलो." त्या दिवसापासून आपा त्यांच्या सुनांना शब्दाचा हाच अर्थ सांगतात. शब्दकोश काय म्हणतो ते विचारू नका.

मी एकदा तिला पैठणला नेलं. मोठं पाणी बघून खूश होईल असं वाटलं. उन्हाळा होता, पाणी मागं हटलेलं. आम्ही नावेत बसलो आणि काठ जवळ आला तोच नाव खालच्या गाळावर खर्रकन टेकली. नावाडी कपाळाला हात लावून म्हणाला, "मेलो! पायाब लागलं!"

आत्या ताडकन उठली. "मेलो कामून म्हंतो रं? पायाबाला शिव्या?"

"आज्जे, नाव टेकली."

"टेकली म्हंजी पोचलो!"

"अगं, नावंला पाणी लागतं खाली! पायाब म्हंजी आमचं मरण."

"तुझ्या नावंचं मरण. तुझं न्हाय." असं म्हणून तिनं काष्टा मारला, पाण्यात उतरली आणि चालत काठावर गेली. तिच्यामागं नावेतली सगळी माणसं, लहान पोरं, एक नवीन जोडपं, नवरीच्या चपला हातात. रिकाम्या नावेत नावाडी एकटा वल्ही धरून बसला होता. शब्द एकच, पण नावेत बसलेल्याला तो वेगळा ऐकू येतो आणि पायी चालणाऱ्याला वेगळा, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

माणसंही ती अशीच मोजायची. घोट्याएवढा, पिंढरीएवढा, गुडघाभर, मांडीभर. घोट्याएवढा म्हणजे फार थोर. आमचे हेडमास्तर दिवसातून कितीदा तरी ओरडायचे आणि ओरडून झालं की चहा पाजायचे. मी घरी येऊन कुरकुर केली की आत्या म्हणायची, "साहेब पायाब हाय गं तुझा. वरडला की तळ दिसतो." वर्गात शिकवायच्या म्हणी मी एकदा घरी मोठ्यानं वाचत होते. 'उथळ पाण्याला खळखळाट फार.' आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"ह्ये कुनी लिवलं?"

"म्हण आहे आत्या. जुनी."

"काठावर बसनाऱ्यानं लिवली आसंल. खळखळतंय म्हनून तर कळतं बाई, की हितं दगडं हायेत, हितून पाय टाकावा. मुक्या पान्यानं किती मानसं नेली, इचार की कुनाला."

दुसऱ्या दिवशी वर्गात ती म्हण शिकवताना माझी जीभ अडखळली.

अशात फर्दापूरकडचं स्थळ आलं. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांचं हॉटेल, खाली गाड्या, वर शेती. मुलगा शिकलेला, सरळ, व्यसन नाही. असं घर आमच्याकडं बघेल हे अण्णांच्या स्वप्नातही नव्हतं. ते गावाहून आले ते नवीन टोपी घालूनच. "लई खोल मानसं हायेत," अण्णा सारखे म्हणत होते. "त्या घरातला मानूस मोजकं बोलतो. शब्द वाया घालवीत नाय." मला लग्न करायचं होतं. खोटं कशाला बोलू, मुलाचा फोटोही आवडला होता. पण मला शाळा सोडायची नव्हती आणि एम.ए. अर्धं टाकायचं नव्हतं. दोन्हीबद्दल ते काय म्हणतात हे विचारायची अण्णांची हिंमत नव्हती आणि माझीही नव्हती. एवढ्या मोठ्या माणसांना असले प्रश्न कसे विचारायचे?

बघायला आले तेव्हा अण्णांनी आत्याला बजावलं, "अक्का, तू आतच ऱ्हा. पायाब-बियाब काय काडू नगं." हमीदाआपा पोह्यांना मदत करायला आल्या होत्या. मुलगा आला, वडील आले, आणि आजोबा आले, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, पांढरी मिशी, हातात चांदीच्या मुठीची काठी. बसले. अण्णांनी हवेबद्दल सांगितलं. मुलाचे वडील म्हणाले, "हं." अण्णांनी कापसाबद्दल सांगितलं. "हं." मग घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला.

तेव्हा आत्या बाहेर आली. पदर नीट केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट तिनं दिली.

"आमची वैशी लई पायाब हाय बरं का."

आजोबांच्या भुवया वर गेल्या. "पायाब?" ते सावकाश म्हणाले. "म्हणजे मुलगी उथळ आहे?"

"नायाब!" आतून आपा पोह्यांची प्लेट घेऊन धावतच आल्या. "नायाब बोली वो! जबान फिसली!"

"फिसली-बिसली नाय," आत्या म्हणाली. "पायाबच."

अण्णांनी टोपी काढली आणि परत घातली. मुलाचे वडील पहिल्यांदाच आमच्याकडं नीट बघत होते. आजोबांना मात्र हसू फुटलं असावं, मिशी हलली. तेवढ्यात आत्यानं पाट ओढला आणि ती मुलाच्या पुढ्यात बसली.

"लेकरा, भाजी कंची आवडती तुला?"

"काहीही चालतं."

"मीठ जास्त पडलं तर?"

"मी काही म्हणत नाही."

"आन् राग आला म्हंजी?"

"येत नाही." मुलगा हसला. हसणं छान होतं त्याचं.

"आमची पोरगी शाळंत शिकविती. लगीन झाल्यावर शिकवू देशील का?"

मुलानं वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "बघू. पुढचं पुढं."

"आन् तिचं ते एम्ये?"

"तेही बघू."

"कवा बगायचं?"

"वेळ आल्यावर."

मी आत्याकडं पाहत होते. तिची नजर मुलावर नव्हती, त्याच्या डोक्यावरून पलीकडं भिंतीवर लागली होती. मान वर. मला एकदम कळलं की ती चाचपतेय. अंगठा, चवडा. टाच काही टेकेना. शेवटी ती उठली आणि सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाली, "रामा, मला तळ लागंना बाबा हितं. पोरगी उतरवू नगं."

पाहुणे गेल्यावर अण्णा जे बोलले ते सगळं लिहीत नाही. एक वाक्य लिहिते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. ते म्हणाले, "सोताचं घर मोडून आली, आता माझ्या पोरीचं व्हायच्या आधीच मोडती." आत्या पोह्यांच्या प्लेटा विसळत राहिली.

आणि गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी फर्दापूरहून फोन आला, मुलगी पसंत आहे. नोकरीचं, शिक्षणाचं काही बोलले नाहीत. पसंत आहे, एवढंच. अण्णांचा चेहरा उजळला. म्हणाले, दुपारनंतर आमचा होकार कळवतो, आणि पेढे आणायला निघून गेले. ज्या घरात कितीतरी पिढ्या पाण्यात उभं राहून उत्तरं देण्यात गेल्या, त्या घराला इतक्या मोठ्या माणसांनी विचारलं होतं. नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्या दिवशी नळाला पाणी होतं. आत्या आणि मी मोरीत ड्रम भरत होतो. मी विचारलं, "आत्या, वाईट काय होतं त्या मुलात?"

"वाईट काय नाय. चांगलं लेकरू हाय."

"मग?"

तिनं पाइप धरून ठेवला होता.

"त्योबी चांगलाच व्हता," ती म्हणाली. कोण, ते मला कळायला थोडा वेळ लागला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. आमच्या घरात त्यांचं नावही कुणी काढत नसे. "लई खोल मानूस, असं समदे म्हनायचे. माझ्या बापानं त्यावरच दिली मला. दारू नाय, मारनं नाय. मी रोज इचारायची, भाजी कशी झाली? हं. तुमाला काय व्हतंय का? नाय. माझं काय चुकलं का? नाय. शेतातून येऊन बसायचा आन् भिंतीकडं बगायचा. त्येच्या मनात मी व्हते का नव्हते, काय ठाव नाय पडलं कदी. मारलं आसतं तर कळलं तरी आसतं, हितं खडक हाय. मी समदीकडनं पाय टाकून बगितला, वैशे. समदीकडनं. तळच लागंना."

"मग तू आलीस."

"आले. मंग पंच बसले. काय तरास हाय, म्हनले. मारतो का? नाय. पितो का? नाय. दुसरी ठिवलीया का? नाय. मंग काय? आता काय सांगावं? म्या म्हनलं, पायाब नाय." ती थोडी हसली. "लई हसले गं मानसं. बाया तर पदर तोंडाला लावून हसल्या. तवापासनं येडी."

एवढी वर्षं ती नदीत उभी राहून तो शब्द ओरडत होती. आम्ही पोरं त्या हाकेवर शाळेत गेलो. ज्यावर सगळ्यांनी तिला हसून घालवलं तोच हा शब्द. तिनं तो सोडला नाही. शहरभर माणसं शोधून शोधून तो वाटत राहिली, दूधवाल्याला, दाताच्या डॉक्टरला.

अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी मोरीतून तशीच ओल्या हातानं बाहेर गेले आणि म्हटलं, "अण्णा, मला हे स्थळ नको. मला शाळेत शिकवायचंय आणि एम.ए. पूर्ण करायचंय."

"नाय म्हनले का त्ये?"

"हो कुठं म्हणाले? विचारलं तर बघू म्हणाले."

"अगं, पन त्यांना कारन काय सांगू?"

"आत्या म्हणाली तेच."

"लोक हसतील, वैशे."

"तेव्हा पण हसलेच होते ना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग मोरीच्या दाराकडं. त्या पंचांच्या बैठकीला ते होते, हे मला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. मिसरूडही फुटलं नसेल. थोरली बहीण खाली मान घालून उभी, आणि सगळी माणसं हसतायत, आणि त्यांच्यात आपणही. असंच काहीतरी असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पेढ्यांचा पुडा त्यांनी खिडकीत ठेवला, टोपी नीट केली आणि फोन लावला. मोठ्या माणसांशी बोलताना काढायचा तो ताठ आवाज काढला.

"नमस्कार. आमचं जमनार नाय, साहेब... नाय नाय, देन्याघेन्याचं काय नाय. मुलगा चांगलाच हाय तुमचा... कारन?" ते थांबले. घसा साफ केला. "आमच्या थोरल्या बहिनीला पसंत नाय."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. त्या घरातून एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच आलं असेल.

"व्हय, तीच. पायाब म्हननारी," अण्णा म्हणाले. "नाय साहेब. आमच्याकडं तिचा शब्द शेवटचा असतो."

मी मोरीकडं वळून पाहिलं. आत्या पाइप धरून तशीच उभी होती. ड्रम कधीच भरला होता आणि पाणी काठावरून वाहत होतं, तिच्या पावलांवरून, उंबऱ्यावरून, आमच्या खोलीत. थेंब सांडला तरी आरडाओरडा करणारी बाई, पण तिचं लक्षच नव्हतं. अण्णा फोन ठेवून आले, वाकून नळ बंद केला आणि म्हणाले, "अक्का, सरक, पाय वले झाले तुझे."

"व्हय का," आत्या म्हणाली.

पेढे आम्ही हमीदाआपांकडं दिले. आपांनी विचारलं, कशाचे? आत्या म्हणाली, रामानं आणलेत.

पुढं मी आमच्याच शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न केलं. ते सकाळी डोळे उघडले की बोलायला लागतात आणि भाजीत मीठ कमी असलं तर शेजारच्यांनाही कळतं. आत्या आमच्याकडंच राहते. लग्नाच्या आदल्या वर्षी मी एम.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली.